अजून एक जण यायचा हाय

भुजंगराव गरुड सर आमच्या मंडळाच्या वार्षिक अधिवेशनाचे कायमचे स्वागताध्यक्ष होते, आणि त्यांनी एकदाही स्वागताचं भाषण केलं नाही. कार्यक्रमपत्रिकेत दरवर्षी छापलेलं असायचं, 'स्वागतपर भाषण : प्रा. भुजंगराव गरुड'. सूत्रसंचालक त्यांचं नाव पुकारायचा. सर हॉलच्या दाराशी उभे असायचे, तिथूनच हात हलवून 'चालू द्या तुमचं' अशी खूण करायचे. नव्या माणसाला वाटायचं, या गृहस्थांना चारचौघांत बोलायची भीती असावी. भीती कसली! कॉलेजात ते इतिहास शिकवायचे आणि तास संपल्याची घंटा त्यांना कधी ऐकू आली, असं मला आठवत नाही. निजामाच्या काळातल्या एखाद्या तहसीलदाराबद्दल ते असं बोलायचे, की तो इसम कालच त्यांच्या घरी चहा पिऊन गेला असावा.

मंडळ म्हणजे चित्रपट आणि माध्यमांचा अभ्यास करणाऱ्यांचं मंडळ. नाव भारदस्त, माणसं साधी. परभणी आणि आसपासच्या कॉलेजांतले प्राध्यापक, शाळामास्तर, बँकेतले दोघं-तिघं आणि एक दातांचे डॉक्टर. संक्रांत झाली की परभणीला अधिवेशन भरायचं. सकाळी निबंध वाचायचे, त्यावर जेवणापर्यंत भांडायचं, आणि दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून हॉलमध्ये अंधार करून सिनेमा बघायचा. प्रोजेक्टर डॉक्टर चालवत. रिळांच्या पेट्या पुण्याहून रेल्वेनं येत, आणि त्यांचा नेम नसे. एका वर्षी आम्ही एका सिनेमाचा शेवट आधी पाहिला आणि मधला भाग नंतर. पुढच्या अधिवेशनात एका विद्वानांनी त्या 'धाडसी क्रमभंगा'वर निबंध वाचला. आम्ही कुणी काही बोललो नाही.

अशा या अधिवेशनात स्वागताची एक पद्धत होती, आणि ती सरांनी घातलेली होती. हॉलच्या दाराशी एक टेबल, त्यावर माठ, पितळी तांब्या-पेला आणि ताटलीत गुळाचे खडे. सकाळी पहिला सदस्य आला की सर त्याला गूळ-पाणी देत आणि लगेच तांब्या त्याच्या हातात ठेवून म्हणत, "आता तुमी यजमान. पुढला येईल त्याला तुमी द्या." पुढला आला की पहिल्यानं त्याला पाणी द्यायचं, तांब्या त्याच्याकडे सोपवायचा आणि आत जायचं. असं करत करत तांब्या शेवटच्या माणसापर्यंत जायचा. शेवटच्या माणसानं पाणी द्यायचं ते खुद्द सरांना. मग स्वागत संपलं. ऐन थंडीत सकाळी सकाळी माठातलं पाणी! पुण्याचे पाहुणे चहाच्या आशेनं यायचे आणि पेला पाहून त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे.

दुसरी पद्धत नावांची. छातीवर लावायचे बिल्ले सर स्वतः, आपल्या वळणदार अक्षरात लिहायचे. त्या अक्षराचा त्यांना भलताच गर्व होता. बिल्ल्यावर नाव आणि गाव, एवढंच. आडनाव नाही. हाक तर ते नुसती गावाचीच मारायचे. मी मूळची वालूरची, म्हणून मी 'वालूर'. एकदा नांदेडच्या एका प्राध्यापकांनी तक्रार केली, "सर, माझं आडनाव राहिलं." सर म्हणाले, "राहू द्या घरी. इतक्या लांब कशाला वागवायलात?" स्वतःच्या नावाबद्दल मात्र त्यांना कौतुक होतं. "बापानं भुजंग ठिवलं, आडनाव आदीच गरुड. सापाची आन् गरुडाची सोयरीक एका नावात लावली. मी कुणाला परकं म्हणू?" हा विनोद मी इतक्यांदा ऐकला आहे, की तो आता माझाच वाटतो.

नोकरीला लागले त्या वर्षी मी पहिल्यांदा अधिवेशनाला गेले. तेव्हा तांब्याची पद्धत नव्हती. सगळ्या सभेत मी एकटी बाई. मला कुठे बसवावं यावर कार्यकारिणीची कुजबूज चालली होती. पहिल्या रांगेत बसवलं तर अवघड, मागे बसवलं तर वाईट दिसेल. सर सरळ आले आणि म्हणाले, "वालूर, इकडं या. प्रोजेक्टरजवळ बसा, उबारा लागतो." मी बसले, आणि पुढं आयुष्यभर ती जागा माझीच राहिली. माणसाला एखाद्या ठिकाणी आपली जागा आहे असं वाटायला किती थोडं लागतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. त्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे.

त्याच अधिवेशनात सरांनी त्यांचा एकुलता एक निबंध वाचला. विषय होता तंबूतला सिनेमा. जत्रेत फिरत्या टॉकीजचा तंबू लागतो, लोक खाली मातीवर बसतात, दिवे जातात. सरांचं म्हणणं असं, की गावात पाणवठे वेगळे, पंगती वेगळ्या, पण तंबूतल्या अंधारात सगळा गाव पहिल्यांदा एका मातीवर बसला. फार सुंदर लिहिलं होतं. टाळ्या पडल्या. पुण्याचे पाहुणेही हलले. टाळ्या थांबल्यावर मधल्या रांगेतून एक तरुण मास्तर उठले. प्रल्हाद खिल्लारे, चुडाव्याचे, पूर्णेच्या शाळेत शिकवायचे. त्यांची बायको शांता माझी कॉलेजातली मैत्रीण, म्हणून मी त्यांना ओळखत होते. बौद्ध घरातले, त्यांच्या पिढीत घरात पहिलेच शिकलेले. ते शांतपणे म्हणाले, "सर, निबंध लय चांगला हाय. पण आमच्या वस्तीतली माणसं पडद्याच्या मागच्या अंगाला बसायची. आमाला पिक्चर उलटा दिसायचा. मी कॉलेजात येईस्तोवर समजायचो, सगळे हिरो डावखुरे असतात."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सर निबंधाचे कागद हातात धरून उभे होते. मला वाटलं आता काहीतरी समर्थन करतील, प्राध्यापक ते करतातच. सर म्हणाले, "मंग माझा निबंध अर्धाच हाय. दुसरा अर्धा तुमी लिवा." आणि खाली बसले. त्या दुपारी सिनेमा सुरू झाल्यावर ते पडद्याच्या कडेला एक स्टूल घेऊन पडद्याकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड करून बसले. त्यानंतर त्यांनी मंडळात कधीही सिनेमा सरळ बसून पाहिला नाही. विचारलं तर म्हणायचे, "पिक्चर पुन्ना बगता येतो. कोण कुठं बसलंय, ते बगू द्या मला."

त्या वर्षीच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटला. पेटला हा शब्द मी जसाच्या तसा लिहिते आहे. गावोगाव बौद्ध वस्त्यांतली घरं जळाली. खिल्लारेंच्या मामांचं घर त्यात गेलं. मामा-मामी, पोरंबाळं सगळी चुडाव्याला त्यांच्या दोन खोल्यांत येऊन राहिली. आमच्या स्टाफरूममध्ये लोक एकमेकांच्या तोंडाकडे न बघता चहा प्यायचे. हिवाळा आला, अधिवेशनाची तयारी सुरू झाली, आणि खिल्लारेंचा निरोप आला की मी येणार नाही, मला सदस्यांतून कमी करा. कार्यकारिणीनं 'वाईट वाटलं' असं म्हणून पुढचा विषय घेतला. सर मला म्हणाले, "वालूर, तुमची मैत्रीण हाय ना चुडाव्याला? चला."

आम्ही पॅसेंजरनं गेलो. घर स्टेशनापासून जवळच होतं. शांतानं पाणी आणलं, सर ते घटाघटा प्यायले. खिल्लारे समोर बसले होते. म्हणाले, "सर, तुमी आमच्या घरी पाणी पिलात, बरं वाटलं. पर ते काय नवं न्हाई. तुमच्यासारखे दोन-चार जण आदीपासून पितात. माझं इच्यारणं येगळं हाय. तुमच्या दारात, चार लोकांत, मी दिलेलं पाणी तुमची माणसं पितील का? तुमचे दादासाहेब पितील?"

दादासाहेब म्हणजे सरांचे थोरले भाऊ, बोरीचे मोठे शेतकरी. वडील लवकर गेले, तेव्हा दादांनीच सरांना वाढवलं, हैदराबादला ठेवून शिकवलं. मंडळाचे ते आजीव सदस्य. सिनेमाचं त्यांना काडीचं वेड नव्हतं, पण धाकट्याच्या कार्यक्रमाला जीपमधून हुरड्याची पोती घेऊन यायचे, पहिल्या रांगेत बसायचे, पहिल्या रिळाला झोपायचे आणि दिवे लागले की डोळे उघडून म्हणायचे, "बढिया होता पिक्चर."

सरांनी रिकामा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "ठाव न्हाई."

"मंग मी कशाला येऊ? निबंध ऐकायला?"

"ठाव न्हाई म्हणलो मी, मास्तर. पिणार न्हाईत असं न्हाई म्हणलो. तुमी या. तांब्या तुमच्या हातात देतो, आन् मी तिथंच उभा राहतो. जे व्हईल ते समद्यांच्या देखत होऊ द्या."

शांता आतून म्हणाली, "जा तुमी. घरी बसून काय व्हणार हाय? इथं तर बसायला जागा बी न्हाई." त्याही परिस्थितीत आम्हाला हसू आलं. परतताना गाडीत सरांनी मला विचारलं, "तुमच्याकडं पितळी तांब्या हाय का, नाव न घातलेला? आमच्या घरच्या सगळ्या भांड्यांवर गरुडांची नावं कोरलेली हायत." आईच्या सामानात एक नाव नसलेला तांब्या निघाला. सर तो दरवर्षी चिंचेनं घासून स्वतः चकचकीत करायचे.

अधिवेशनाच्या सकाळी सगळे त्या नव्या पद्धतीला हसत हसत पाणी पीत होते. मी प्यायले, मी दिलं. खिल्लारे आले, पाणी प्यायले आणि तांब्या त्यांच्या हातात आला. तेवढ्यात दादासाहेबांची जीप आवारात शिरली. कार्यकारिणीतले एक जण धावत सरांजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "सर, दोन मिनिटं तांब्या माझ्याकडे द्या. नंतर परत त्यांना देऊ." सर मोठ्यानं म्हणाले, "का बरं?" ते गृहस्थ बाजूला झाले.

दादा पायऱ्या चढून आले. खिल्लारेंनी पेला पुढं केला. दादांनी पेल्याकडे पाहिलं, खिल्लारेंकडे पाहिलं, मग भावाकडे. म्हणाले, "मला तहान न्हाई."

"थंडी हाय दादा, तहान कुणालाच न्हाई," सर म्हणाले. "इथं तहानंसाठी कुणी पिईना."

"भुजंगा, जरा बाजूला ये."

"बाजूला कशाला? इथंच बोला."

दादांचा चेहरा लाल झाला. "तुला लहानाचा मोठा केला, तो ह्यासाठी?"

"व्हय दादा. दारात आलेल्याला पाणी देत जा, आन् कुणी दिलं तर न्हाई म्हणू नगो, हे तुमीच शिकवलंत मला."

दादा वळले. जीपपर्यंत गेले. सर त्यांच्या मागं मागं गेले, पण विनवायला नव्हे. जीपच्या दाराशी उभे राहून म्हणाले, "मी दारातच हाय दादा. कवाबी या." जीप गेली. एक गोष्ट मात्र दादांच्या बाजूनं सांगायला हवी. हुरड्याची पोती आधीच उतरवलेली होती. ती त्यांनी परत नेली नाहीत.

खिल्लारेंचा हात तसाच पुढं होता.  दादांच्या मागं जिंतूरचे वसंतराव होते, एक घाबरट शाळामास्तर. त्यांच्या शाळेच्या संस्थेत दादांचा शब्द चालायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. वसंतराव पुढं आले. त्यांनी पेला इतक्या घाईनं तोंडाला लावला, की निम्मं पाणी शर्टावर सांडलं. त्यांनी पेला परत पुढं केला आणि म्हणाले, "सांडलं. अजून द्या." वसंतरावांनी पुढं आयुष्यात कधी कुठलं शौर्य केलं असेल, तर ते मला ठाऊक नाही. पण माझ्या दृष्टीनं तेवढं पुरेसं आहे.

शेवटी तांब्या पुण्याच्या पाहुण्यांकडे आला, त्यांनी तो सरांपुढे धरला. सरांनी मान हलवली. "अजून एक जण यायचा हाय." भाषणासाठी नाव पुकारलं, तर तेच उत्तर : स्वागत संपलं नाही, भाषण कसं करू? त्या वर्षी आम्हाला वाटलं, राग आहे, जाईल. पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. शेवटच्या माणसानं तांब्या पुढं करायचा, सरांनी 'अजून एक जण यायचा हाय' म्हणायचं, आणि तांब्यावर पेला पालथा घालून तो टेबलावर ठेवायचा. त्यात त्यागाचा वगैरे आव नव्हता. चहा ते दिवसभरात कपांमागून कप रिचवायचे.

आणि दार. दुपारी सिनेमा लागला की हॉलचं दार ते पूर्ण लावू द्यायचे नाहीत. वीतभर फट ठेवायचे. त्या फटीतून उजेडाची एक उभी पट्टी थेट पडद्यावर पडायची. नायिकेच्या नाकावरून, घोड्याच्या पाठीवरून, कुणाच्या अंत्ययात्रेवरून ती पट्टी जायची. डॉक्टर प्रोजेक्टरमागून ओरडायचे, "सर, दार लावा हो! निम्मा पिक्चर धुतला गेला." सर स्टुलावरून म्हणायचे, "निम्मा दिसतोय ना? बास झालं." त्यांचा हा हट्ट काही वेळा मलाही असह्य व्हायचा. दूरवरून कष्टानं मागवलेला सिनेमा, आणि तो असा बघायचा. पण दार काही लागलं नाही.

हुरडा मात्र दरवर्षी बोरीहून यायचा. कुणीतरी गडी पोती उतरवून न बोलता निघून जायचा. सर म्हणायचे, "बोरी आली. माणूस न्हाई आला." मग मैदानात आगट्या पेटायच्या, आणि आम्ही सगळे, खिल्लारेसुद्धा, तो खायचो. "हुरड्याशी माझं काय भांडण हाय?" असं ते म्हणायचे.

दर मार्गशीर्षात सर बोरीला भावाला बोलवायला जायचे. एका वर्षी मला बरोबर नेलं. कशासाठी, ते तिथं गेल्यावर कळलं. दादा पलंगावर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. सर समोर सतरंजीवर बसले. मला मध्ये बसवलं.

"वालूर, दादासाहेबांना सांगा, संक्रांतीनंतरच्या रविवारी अधिवेशन हाय."

मी सांगितलं. दादांनी ते आधीच ऐकलेलं होतं, हातभर अंतर होतं.

"बाई, त्यांना सांगा, आमाला फुरसत न्हाई."

"इच्यारा त्यांना, तब्येत कशी हाय?"

"सांगा, गुडगा दुखायलाय. बाकी खैरियत."

"सांगा, परभणीला हाडाचा चांगला डॉक्टर आलाय."

"सांगा, आमाला परभणीला यायचंच न्हाई."

वहिनी चहा घेऊन आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "दर साली हेच चालतंय बाई. मागल्या साली तुमच्या जागी पोस्टमन व्हता." मला हसू आवरेना. निघताना दादांनी मला थांबवलं. सर उंबऱ्याबाहेर चपला घालत होते. दादा सुपारीकडे बघत म्हणाले, "तो मास्तर येतो का अजून?"

"येतात."

"हं." मग अडकित्ता खाली ठेवून, "त्यांना इच्यारा, हुरडा पाठवू औंदा, का बंद करू?"

सर बाहेरूनच म्हणाले, "सांगा त्यांना, पाठवा. पर हुरड्याबरुबर माणूस बी पाठवा." दादांनी अडकित्ता पुन्हा उचलला. एसटीत सर खिडकीशी बसले आणि परभणी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. इतका बोलका माणूस. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, की हा हट्ट त्यांना किती महाग पडतो आहे. ज्या भावानं वाढवलं त्याला ते सोडूही शकत नव्हते आणि त्याच्यासाठी तांब्या दुसऱ्याच्या हातात देऊही शकत नव्हते.

खिल्लारेंना मी ही हकिगत सांगितली. ते म्हणाले, "बाई, मी त्यांची वाट बगत न्हाई बरं का. सर बगायलेत, ते त्यांचं भाऊपण हाय. माझं काम मी पेला पुढं केला तवाच झालं." मला हे उत्तर आवडलं. सरांना सांगितलं, तेव्हा तेही म्हणाले, "खरं हाय त्यांचं. लय खरं हाय."

ज्या महिन्यात विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्याच महिन्यात त्या वर्षीचं अधिवेशन आलं. नामांतर मागितलं आणि नामविस्तार मिळाला, यावर मंडळात तिळगूळ खाता खाता कडाक्याचं भांडण झालंच. पण अध्यक्ष म्हणून खिल्लारेंचं नाव सगळ्यांनी एकमतानं घेतलं. सर तेव्हा निवृत्त झाले होते, काठी घेऊन चालायचे, तरी सकाळी सगळ्यांच्या आधी दारात हजर होते. तांब्या नेहमीसारखाच चकचकीत.

अध्यक्ष सगळ्यांत शेवटी येणार, म्हणून तांब्या शेवटी खिल्लारेंकडे आला. त्यांनी तो सरांपुढे धरला. सर म्हणाले, "अजून एक जण यायचा हाय." खिल्लारे हसले आणि तांब्या घेऊनच व्यासपीठावर गेले, समोरच्या टेबलावर ठेवला. त्यांचं अध्यक्षीय भाषण म्हणजे तो राहिलेला अर्धा निबंध होता, पडद्यामागच्या प्रेक्षकांबद्दल. उलटी अक्षरं वाचायला आपण कसे शिकलो, ते ते सांगत होते. हॉल हसत होता आणि मधूनच एकदम गप्प होत होता. शांता पहिल्या रांगेत बसली होती.

तेवढ्यात मागं दारात काठी वाजली. मला वाटलं, सरांची. पाहते तर दादासाहेब. धोतराला रस्त्याची धूळ, हातात हुरड्याची एक लहानशी पिशवी, सोबत कुणी नाही. वहिनी आदल्या पावसाळ्यात गेल्या होत्या. जीप तर केव्हाच बंद पडली होती. एसटीनं आले होते. ते का आले, याबद्दल मंडळात पुढं पुष्कळ तर्क झाले. वहिनींनी शेवटी शपथ घातली, असं कुणी म्हणालं. दिवस बदलले हे ओळखलं, असं कुणी. मला खरंच माहीत नाही. मी फक्त पाहिलं ते सांगते.

खिल्लारे बोलता बोलता थांबले. त्यांनी कागद खाली ठेवले, तांब्या घेतला आणि मधल्या वाटेनं चालत दारापर्यंत आले. पेला भरून पुढं केला. म्हणाले, "घ्या."

दादांनी काठी बगलेत धरली आणि दोन्ही हातांनी पेला घेतला. पाणी प्यायले, सगळं. मग खिल्लारेंनी तांब्या त्यांच्या हातात दिला, कारण पद्धतच तशी होती. दादांना ती माहीत नव्हती. ते तांब्या घेऊन तसेच उभे राहिले. खिल्लारे म्हणाले, "आता तुमी यजमान. तुमच्या मागं कुणी न्हाई. पाणी सरांना द्यायचं."

सर दाराच्या कडेलाच होते. इतक्या वर्षांत त्या दोघांत मधल्या माणसाशिवाय एक वाक्य गेलं नव्हतं. दादांनी पेला भरला. हात म्हातारा झाला होता, थोडं सांडलं. पेला पुढं करून ते म्हणाले,

"गाडीला उशीर झाला, भुजंगा."

"व्हतो कधी कधी," सर म्हणाले, आणि पाणी प्यायले.

खिल्लारे परत जाऊन उरलेलं भाषण वाचू लागले. नंतर मी त्यांना विचारलं, तेव्हा म्हणाले, "तांब्या माज्याकडं व्हता, म्हून दिला. पर बाई, सरांनी पेला तोंडाला लावला ना, तवा मला रडू आलं. लपवून काय करू?" सूत्रसंचालक दुपारी सरांजवळ गेला, "सर, आता तरी स्वागताचं भाषण?" सर म्हणाले, "आता कशाला? आले की सगळे."

पुढच्या संक्रांतीला सर नव्हते. दादा होते, आणि तांब्याजवळ पहिले तेच उभे होते. पण मला सर आठवतात ते दादा आले त्याच दुपारचे. खिडक्यांना घोंगड्या लागल्या, डॉक्टरांनी रीळ चढवलं. सर काठी टेकत दारापर्यंत गेले आणि त्यांनी स्वतः दार ओढून घेतलं. पूर्ण. कडी घातल्याचा आवाज आला. मग येऊन आपल्या स्टुलावर बसले, पडद्याकडे पाठ करून. पहिल्या रांगेत, शांताच्या शेजारच्या खुर्चीत, दादासाहेब पहिल्या रिळालाच झोपले होते, मान एका खांद्यावर टाकून, जुन्या सवयीनं. सर त्यांच्याकडे बघत होते. पडद्यावरची ती उजेडाची पट्टी त्या दिवशी नव्हती, सिनेमा अगदी स्वच्छ दिसत होता असं डॉक्टर सांगतात. तो कुठला सिनेमा होता, ते मात्र मला विचारू नका. मीही सरांकडेच बघत होते.